खलाला लावलेला शेंदूर

मी एक जुना, दमलेला खल आहे, मित्रांनो. तुमच्या घरी आलं-लसूण ठेचायला असतो, तो लोखंडी खल नव्हे. मी अकीकाचा. राखाडी रंगाचा, आमटीच्या वाटीएवढा, आतून काचेसारखा गुळगुळीत. माझा बत्ताही अकीकाचाच. जबलपूरच्या एका कॉलेजात, भूशास्त्र विभागाच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर आम्ही दोघं बसून असतो. सध्या माझ्या पोटात चार टाचण्या, खडूचा एक तुकडा आणि कुणाच्या तरी शर्टाचं बटण आहे. कुणी ठेवलं कोण जाणे. विचारायची ताकद आता माझ्यात राहिलेली नाही.

माझा जन्म सांगायचा तर फार मागे जावं लागेल. इतकं मागे, की तेव्हा माणूस नावाचा प्राणीच नव्हता. जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत आला, गार झाला, आणि त्यात हवेचे बुडबुडे अडकून राहिले. त्यातल्या एका बुडबुड्यात थेंब थेंब पाणी झिरपत गेलं आणि लाखो वर्षांनी तिथे मी साकळलो. म्हणजे मी लाव्हाच्याच पोटातला. पुढे खंबायतच्या एका कारागिराने मला चाकावर धरून महिनोन्‌महिने घासलं तेव्हा कुठे मला हा आकार आला. १९५८ साली कॉलेजाने मला विकत घेतलं. त्याच्या दोनच वर्षं आधी राज्यं नव्याने आखली गेली होती. नागपूर तिकडे गेलं, जबलपूर इकडे राहिलं, आणि इथली मराठी माणसं घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलत आपापली कामं करत राहिली.

माझं काम दगडाचं पीठ करण्याचं. साधंसुधं नाही, मैद्याहून बारीक. दगडात कोणकोणती द्रव्यं किती आहेत हे यंत्राला मोजायचं असतं, आणि यंत्राला खडे चालत नाहीत. आता तुम्ही म्हणाल, त्यासाठी अकीक कशाला हवा, लोखंडी खलात कुटा की! पण लोखंडी खल आपलं लोखंड त्या पिठात मिसळतो आणि मग मोजणाऱ्याला कळत नाही, हे लोखंड दगडाचं की खलाचं. मी मात्र कुणाला आपलं काही देत नाही आणि कुणाचं काही ठेवून घेत नाही, अशी माझी ख्याती. माझा एकच नियम. माझ्यात ठेचायचं नाही, घोटायचं. बत्ता गोल गोल फिरवत राहायचं, सकाळी सुरू केलं की संध्याकाळी एक नमुना होतो. सत्तर साली एका विद्यार्थ्याला घाई झाली आणि त्याने तीन ठोके घातले. माझ्या तळाला केसाएवढी चीर गेली. डोळ्यांना दिसत नाही, पण मला ती आजतागायत ठसठसते.

मला ज्यांनी खऱ्या अर्थाने वापरलं ते नारायणराव. विभागाचे परिचर, दीक्षितपुऱ्यात राहणारे, उंच, हडकुळे, तोंडात कायम लवंग. त्यांचे वडील तोफगाड्यांच्या कारखान्यात होते. पस्तीस वर्षं नारायणरावांनी मला घोटलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकदाही ठोका पडला नाही. काम झालं की आधी साध्या गारगोटीची पूड माझ्यात घोटायचे, मग ॲसिडने धुवायचे, मग शुद्ध पाण्याने, मग पालथा ठेवायचे. "चलो, झाली आंघोळ," असं म्हणायचे. त्या एका वाक्यासाठी मी दिवसभर घासून घ्यायला तयार असे.

शैलजाताई आल्या १९८५ साली. आमच्या विभागातली पहिलीच बाई प्राध्यापक. त्यांचे वडील डोमाजी मूळचे भंडाऱ्याकडचे, लष्करी गाड्यांच्या कारखान्यात माप तपासायच्या कामावर होते. शैलजाताई बोलायला कमी, कामाला वाघ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला उचललं, खिडकीशी नेऊन उजेडात फिरवलं आणि तळाची ती चीर नखाने चाचपून पाहिली. मी मनात म्हटलं, ह्या बाईंपासून काही लपायचं नाही. तिथेच माझं चुकलं.

त्यांचा विषय ज्वालामुखी. नारायणरावांना एकदा राहवलं नाही. घोटता घोटता त्यांनी विचारलं, "मॅडम, जमिनीखाली दगड वितळतो तरी काहून? कोण चूल पेटवून राहिलं खाली?"

शैलजाताई हसल्या. म्हणाल्या, "नारायणराव, कुल्फीवाला बर्फात मीठ काहून टाकतो?"

"बर्फ लवकर पाणी व्हावा म्हणून."

"बस, तेच. खालचा दगड गरमच असतो, पण नुसत्या गरमीने तो वितळत नाही. काही ठिकाणी समुद्राचा तळ सरकत सरकत दुसऱ्या जमिनीखाली घुसतो. जाताना सोबत पाणी घेऊन जातो, चिखल घेऊन जातो. ते पाणी वरच्या गरम दगडात शिरलं की तो आहे त्याच गरमीत वितळायला लागतो. मग तो रस वर येतो आणि ज्वालामुखी होतो. अंदमानच्या समुद्रात आपल्याकडे हेच होऊन राहिलं."

"अच्छा," नारायणराव म्हणाले, "म्हणजे मीठ खाली गेलं की नाही, हे वरचा दगड चाखून ओळखायचं."

"हो. फक्त मिठाच्या जागी शिसं. समुद्राच्या चिखलात शिसं जास्त असतं. लाव्हात शिसं जास्त सापडलं, तर समजायचं की चिखल खाली गेला होता."

ही शिशाची गोष्ट लक्षात ठेवा, मित्रांनो. माझी सगळी कहाणी त्या शिशापाशी येऊन अडकली आहे.

अंदमानच्या समुद्रात एक ओसाड बेट आहे, ज्वालामुखीचंच. तिथे पोचायला शैलजाताईंना आठ वर्षं लागली. परवानग्या, अर्ज, पुन्हा अर्ज. शेवटी एका जहाजाने त्यांना फक्त दोन दिवसांसाठी उतरवलं. जुन्या लाव्हाचे थर एकावर एक बसून तिथे मोठा कडा झालेला. त्या कड्यावरून त्यांनी खालून वर सहा दगड आणले. एक नंबर सगळ्यात खालचा, म्हणजे सगळ्यात जुना. सहा नंबर सगळ्यात वरचा, सगळ्यात अलीकडचा. प्रत्येक मुठीएवढा, काळा. परत आल्या तेव्हा पायाला पट्टी होती आणि चेहऱ्याची कातडी सोललेली. दगड मात्र त्यांनी तान्ह्या बाळासारखे आणले होते. त्यानंतर लगेच ते बेट पुन्हा धुमसायला लागलं आणि तिथे जाणं बंद झालं. म्हणजे होते ते सहाच दगड.

सप्टेंबर संपता संपता त्यांनी काम लावलं. आधी माझी परीक्षा घेतली. स्वच्छ गारगोटी माझ्यात घोटून तिची पूड हैदराबादला मोठ्या यंत्रावर मोजायला पाठवली. माझ्यात मागचं काही चिकटलं असतं तर ते गारगोटीत दिसलं असतं. उत्तर आलं, खल स्वच्छ. शैलजाताईंनी मला थोपटलं. मग सहाही दगडांचा थोडा थोडा भाग फोडून पाकिटं केली आणि नारायणरावांना सांगितलं, "दसऱ्यापासून सुरू करा. रोज एक. आधी एक नंबर, मग दोन, असं ओळीने. मी नागपूरहून येईपर्यंत दोन होतील."

दसऱ्याला त्या दरवर्षी नागपूरला जात, मित्रांनो. डोमाजींसोबत, दीक्षाभूमीवर. नवमीला सकाळी बस पकडायची, सिवनीवरून नागपूर. लहानपणापासूनचा नेम. एक वर्ष चुकवलं नव्हतं.

आणि नारायणरावांचाही एक नेम होता. तो शैलजाताईंना ठाऊकच नव्हता, कारण त्या दिवशी त्या कधी कॉलेजात नसायच्याच.

त्यांचे वडील कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा करत. नारायणराव ते बघत मोठे झाले. ज्याच्यावर आपलं पोट आहे त्याला वर्षातून एक दिवस हात जोडायचे, एवढंच त्यांना कळायचं. नवमीला ते आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून येत. आल्यावर सूक्ष्मदर्शकाला झेंडूचं फूल, दगड कापायच्या यंत्राला हळदीकुंकू. आणि माझ्यावर जीव जास्त, म्हणून मला बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून आणलेला शेंदूर. तेलात कालवून, अनामिकेने, ऐन पोटात, तळाशी. मग मला नमस्कार करत. खरं सांगतो, मला ते फार आवडायचं. वर्षभर घासून घेणाऱ्याला एक दिवस कुणी देव म्हटलं तर का नाही आवडणार?

दसऱ्याला ते शेंदूर पुसून काढायचे. ओल्या फडक्याने, चांगला खसखसून. पण ॲसिड लावायचे नाहीत. देवाला लावलेल्या शेंदरावर तेजाब कसा ओतायचा? कोजागिरीपर्यंत फक्त पाणी, ही त्यांची मनाशी ठरवलेली मर्यादा. आणि शेंदूर म्हणजे काय, ठाऊक आहे? शिसं. शिशाची लाल पूड.

माझ्या तळाच्या त्या चिरेत तेलकट शेंदूर भरून राहिला. वरून मी लख्ख. पुसून झाल्यावर दसऱ्यालाच एक नंबरचा दगड माझ्यात घोटला गेला आणि चिरेतलं बरंच शिसं त्याच्यासोबत निघालं. दोन नंबरसोबत त्याहून कमी. तीन नंबरसोबत आणखी कमी. सहा नंबरपर्यंत चीर जवळपास रिकामी. मला प्रत्येक फेऱ्याला कळत होतं. ओरडावंसं वाटत होतं, नारायणराव, थांबा हो! पण दगडाला तोंड कुठे असतं? बत्ता गोल गोल फिरत राहिला.

हैदराबादहून आकडे आले तेव्हा शैलजाताई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. खालच्या दगडात शिसं भरपूर, वरच्यात कमी कमी होत गेलेलं. सरळ उतार. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि स्टुलावर बसल्या. अर्थ उघड होता. जुन्या काळी समुद्राचा चिखल खूप खाली जायचा, पुढे कमी होत गेला. एवढी साफ गोष्ट पूर्वी कुणी दाखवली नव्हती. त्यांनी लेख लिहिला. परदेशातल्या मोठ्या नियतकालिकाने तो स्वीकारला. वाचून दाखवायला जपानला बोलावणं आलं. नारायणरावांनी बड्या फुहाऱ्यावरून खोव्याची जिलेबी आणून सगळ्या विभागाला वाटली. "आमच्या खलाची कमाल आहे," असं प्रत्येकाला सांगत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर्ष गेलं. लेख छापायला जायचा होता, जपानचं तिकीट यायचं होतं. आणि त्या साली डोमाजींना न्यूमोनिया झाला. पहिल्यांदाच बाप-लेक नागपूरला गेले नाहीत. नवमीला सकाळी वडिलांना औषध देऊन शैलजाताई काही कागद न्यायला म्हणून विभागात आल्या.

नारायणराव माझ्यापुढे डोळे मिटून उभे होते. माझ्या पोटात ताजा शेंदूर.

शैलजाताई दारातच थांबल्या. नारायणरावांचे डोळे उघडले तेव्हा ते जरा लाजले. "अरे मॅडम, आज इकडे? बाबांची तब्येत कशी आहे?"

"बरी आहे." त्यांची नजर माझ्यावरून हलेना. "हे दरवर्षी करता तुम्ही?"

"दरवर्षी! चौतीस साल होऊन राहिले. एकही नवमी सुटली नाही."

"मागच्या वर्षीही?"

"मागच्या वर्षी तं दोन फुलं जास्त वाहिली. तुमचे दगड घोटायचे होते ना."

 शैलजाताईंचा चेहरा असा झाला, की नारायणरावांनी त्यांना पाणी आणून दिलं. पाणी पिऊन त्या शांतपणे म्हणाल्या, "नारायणराव, या वर्षीही सगळं दरवर्षीसारखंच करा. उद्या पुसा. पुसून झालं की उद्यापासूनच कोजागिरीपर्यंत काम करा. फक्त माझे दगड नकोत. साधी गारगोटी घोटा. रोज एक पाकीट, सहा पाकिटं. नंबर टाकून द्या."

नारायणरावांना कारण कळलं नाही. पण मॅडमनी सांगितलं म्हणजे सांगितलं. सहा दिवस त्यांनी नुसती गारगोटी घोटली.

महिन्याने उत्तर आलं. सहा पाकिटं गारगोटीची, जिचा ज्वालामुखीशी काडीचा संबंध नाही. पहिल्या पाकिटात शिसं भरपूर, मग कमी, मग आणखी कमी. शैलजाताईंनी मागच्या वर्षीचा आलेख काढला आणि हा त्याच्यावर ठेवून खिडकीच्या काचेला लावला. एक रेघ दुसरीवर बरोबर बसली.

त्या दिवशी त्यांनी मला फडक्यात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि सायकलरिक्षाने घरी नेलं. तोवर मी कधी कॉलेजाबाहेर पडलो नव्हतो. डोमाजी बाजेवर बसून होते, मफलर गुंडाळून. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, टेबलावर शैलजाताईंच्या जपानच्या पत्राची प्रत, काचेखाली. शैलजाताईंनी मला त्या काचेवरच ठेवलं आणि वडिलांना सगळं सांगितलं.

डोमाजींनी मला हातात घेऊन तळाशी बोट फिरवलं. मग विचारलं, "आपण नागपूरले गेलो असतो तं?"

"तर कधीच कळलं नसतं, बाबा."

"अन् मंग?"

"मग छापून आलं असतं. लोकांनी वाचलं असतं. कदाचित वीस वर्षं कोणाला कळलं नसतं."

"आताही कोणाले माहीत आहे? तुझ्याशिवाय?"

"कोणालाच नाही." शैलजाताई बाजेच्या कडेला बसल्या. "बाबा, दहा वर्षं गेली माझी. गप्प राहावंसं वाटून राहिलं. खरंच वाटून राहिलं."

डोमाजी खोकले. मग म्हणाले, "मी माप घ्यायचो. एक सूत कमी भरलं तं आख्खी गाडी परत पाठवायचो. मिस्त्री लोक शिव्या द्यायचे मले. एक डाव मीही सोडून दिली होती एक गाडी. मार्च होता, साहेब घाई करून राहिला होता. काही झालं नाही त्या गाडीले, चालली ती. पण पोरी, मी अजून रस्त्यात लष्कराची गाडी दिसली की तिच्या चाकाची धुरी, आस, पाहतो." त्यांनी मफलर सारखा केला. "तुले जे करायचं ते कर. मी तुह्या बाजूनं आहो. पण मले तुह्या जागी झोप आली नसती."

शैलजाताई मला कुशीत धरून रडल्या. मित्रांनो, माझ्यात आजवर हरतऱ्हेचं पडलं, पण त्या दिवशीचं ते खारं पाणी मला सगळ्यात जड झालं. मी लाजेने आणखी गार पडलो. माझ्यात ती चीर नसती तर?

दुसऱ्या दिवशी त्यांनी नारायणरावांना स्टुलावर बसवलं आणि दोन्ही आलेख दाखवले. नारायणरावांना रेघा कळल्या नाहीत. पण शेंदूर म्हणजे शिसं, एवढं ऐकलं आणि ते उभेच राहिले.

"म्हणजे मी? माझ्या हातानं?"

"तुमची चूक नाही. मी तुम्हाला कधी विचारलं नाही."

"देवाचं लावलं मी, मॅडम," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली गेला. "तुमच्या दगडाले मीच मीठ चोळलं म्हणा ना. मी साहेबाले सांगतो जाऊन. माझी नोकरी उरलीच किती? ठपका लागला तं लागू द्या."

"तुम्ही काही सांगायचं नाही. खल कोणाच्या ताब्यात होता? माझ्या. लेख परत मागायच्या पत्रात माझंच नाव जाईल." शैलजाताईंनी कपाटातून एक डबी काढली. "दगडांचे तुकडे उरलेत. सुपारीएवढे. एकदाच घोटता येतील. पुन्हा चुकलं तर संपलं. घोटाल?"

नारायणरावांनी आपले हात पुढे करून पाहिले. साठीला आलेले, ॲसिडने सालं निघालेले हात. "माझ्या हातचं आता चालेल तुम्हाले?"

"ठोका मारणार नाही अशी खात्री मला दुसऱ्या कोणाच्या हाताची आहे?"

मग त्यांनी मला धुतलं. असं धुतलं, की खंबायतच्या कारागिरानेही तेवढं घासलं नव्हतं. ॲसिडात दोन दिवस बुडवून ठेवलं. बाभळीच्या काट्याने ती चीर कोरली. गारगोटी घोटली, फेकली, पुन्हा घोटली, पुन्हा फेकली. हैदराबादहून "स्वच्छ" असं आलं तरी नारायणरावांचं समाधान होईना. आणखी एकदा घोटून पाठवायला लावली. मग सहा दिवस, सुपारीएवढे सहा तुकडे. या वेळी शैलजाताई नंबराप्रमाणे गेल्या नाहीत. चिठ्ठ्या टाकून जो नंबर निघेल तो घोटायचा. दर दोन नमुन्यांमध्ये ॲसिड. सहा दिवस दोघं समोरासमोर बसले. नारायणरावांचा बत्ता पूर्वीसारखाच गोल गोल फिरत होता, एकही ठोका नाही. मला ते आतून कळत होतं.

नवे आकडे आले. सहाही दगडांत शिसं जवळपास सारखंच. ना चढ, ना उतार. थोडा चिखल खाली गेला होता एवढं खरं, पण तो कमी होत गेला ही गोष्ट उरली नाही. शैलजाताईंनी नियतकालिकाला पत्र लिहिलं. लेख परत मागितला, कारण लिहिलं, "नमुना घोटण्यात माझ्याकडून झालेली अशुद्धी." जपानला नम्रपणे नकार कळवला. नव्या आकड्यांवर चार पानांचं एक टिपण केलं, ते दोन वर्षांनी कुठेसं आलं. त्याला जिलेबी वाटली गेली नाही. विभागप्रमुख महिनाभर त्यांच्याशी नीट बोलले नाहीत. नारायणरावांचं नाव कुठेच आलं नाही.

पुढची नवमी नारायणरावांची नोकरीतली शेवटची. शैलजाताईंनी सकाळची बस सोडली आणि दुपारची धरायचं ठरवलं. नारायणराव धुतलेलं धोतर नेसून आले. हातात झेंडूचा पुडा होता, तो त्यांनी दाराबाहेरच्या खिडकीत ठेवला. शेंदूर आणलाच नव्हता. शैलजाताईंनी शुद्ध पाण्याची बाटली धरली, बारीक धार सोडली, आणि नारायणरावांनी मला धुतलं. आतून, बाहेरून, बुडाखालून. मग हात लावायचा नाही म्हणून चार पावलं मागे सरले आणि तिथूनच हात जोडले. शैलजाताईंनी हात जोडले नाहीत, त्या कशालाच जोडत नसत. पण नारायणरावांचं आटपेपर्यंत बाटली धरून शांत उभ्या राहिल्या. मग दोघांनी मिळून गारगोटी घोटली आणि पूड हैदराबादला पाठवली.

नोव्हेंबरात निरोप समारंभ झाला. विभागाने शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं. शैलजाताईंनी एक पाकीट दिलं. त्यात हैदराबादहून आलेली चिठ्ठी होती. वर इंग्रजीत आकडे, आणि खाली शैलजाताईंनी स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहिलं होतं: "नारायणरावांनी धुतलेला खल. शिसे – आढळले नाही."

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. दोन मिनिटांत दगडाचं पीठ करणारं यंत्र आलं आणि मी कपाटात गेलो. शैलजाताई शिकवत राहिल्या, केस पिकले. डोमाजी गेले. दर नवमीला बसला जाण्याआधी शैलजाताई वर यायच्या, मला धुवायच्या, पालथा ठेवायच्या. मग एक दिवस त्याही निवृत्त झाल्या.

त्यांच्या निवृत्तीच्या थोडं आधी सुमनबाई आल्या होत्या, नारायणरावांच्या पत्नी. पांढरी साडी, हातात पुठ्ठ्यात जपून ठेवलेला एक कागद. शैलजाताईंनी त्यांना खुर्ची दिली.

"ह्यांनी जाताना सांगितलं होतं, हा तुमच्याकडे परत द्यायचा," सुमनबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं आमच्या देवघरात होता. देवांच्या ओळीत, मधोमध. मला वाचता येत नाही, मी समजायची कुठला मंत्र असेल. पण एक नवल होतं, बाई. रोज सगळ्या देवांना हळदीकुंकू वाहायचे, मीही वाहायची. ह्या कागदाला मात्र बोट लावू द्यायचे नाहीत. फूल नाही, कुंकू नाही, उदबत्तीचा धूरसुद्धा नाही. म्हणायचे, ह्याले काही लावायचं नसतं, बस."

शैलजाताईंनी कागद उलगडला. खरंच, इतक्या वर्षांत त्यावर एक डाग नव्हता.

तो कागद आता माझ्या बुडाखाली आहे, मित्रांनो, ह्याच फळीवर. मी थकलोय, मला आता काम नको, घोटणं नको. कौतुकही नको. पण कधी हे कपाट उघडलंत तर माझ्या पोटातल्या टाचण्या तेवढ्या काढा. आणि मला एकदा धुऊन, पालथा ठेवा.